बेचाळिसाव्या दिवसाची भेट

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

डॉक्टर मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही उघडली. अंगातून वाफा कधी निघतात, छाती कधी धडधडते, झोप किती लागते, ते तारीख टाकून लिहा आणि दीड महिन्यानी आणून दाखवा, म्हणाल्या. पाळी जायच्या वयात असं होतं म्हणे. मला काही झालेलं नाही हे मी त्यांना दोनदा सांगितलं. तरी लिहिते, कारण दुसऱ्या बायकांना मीच सांगत असते की डॉक्टरचं ऐकत जा.

वही प्रशिक्षणात मिळाली होती. वर हसरी आई आणि गुटगुटीत बाळ छापलंय.

आजचं: सकाळी भाकरी थापताना घाम फुटला, एवढ्या थंडीत. दुपारी परत एकदा. झोप तीन तास.

बाकी काय लिहायचं? मी राजेश्री, आशा कार्यकर्ती. गावात कोणाची पाळी चुकली ते तिच्या नवऱ्याआधी हिला कळतं, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. घरात हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, गाव बायनाबाई म्हणतं. सध्या अर्पिताही आहे, आमची एकुलती एक. तिला परभणीला दिलंय. जावई रामप्रसाद बियाण्याच्या दुकानात आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यातच ओटी भरून घेऊन आलो. आता दिवस भरत आलेत. चौदा वर्षांत गावातल्या इतक्या पोरी दवाखान्यात नेऊन सुखरूप आणल्या, तिथं आपल्या एकीचं काय अवघड?

सोयाबीन निघालेल्या आमच्या वावराच्या एका पट्टीत खतासाठी मेंढ्या बसवल्यात, कासाबाईच्या. तिची सून बबिता दवाखान्यातून बाळंत होऊन तिथंच पालावर आलीय. आज तिची सातव्या दिवसाची भेट केली. जेवलीस का, ताप आहे का, अंगावरून किती जातं, रडू येतं का, सगळं विचारलं. कासाबाई म्हणाली, "येवढं तर तिची माय बी इचारत न्हाई, आशाताई." मला बरं वाटलं.

१ डिसेंबर, सोमवार

मुलगा झाला! दोन किलो आठशे. टाका एकच. यांनी अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले, पेढे संपल्यावर साखर वाटली.

बाळ अर्पिताच्या अंगावर ठेवलं तेव्हा ती वर पंख्याकडे बघत होती. थंडीचा पंखा बंदच होता. दमली असेल. बारा तास कळा खाल्ल्यात.

वाफा: लक्षात नाही.

३ डिसेंबर, बुधवार

आज घरी आलो आणि आजच तिसऱ्या दिवसाची भेट. स्वतःच्याच घरी भेट द्यायची म्हणजे गंमतच. आशा म्हणून मी नवजात बाळाच्या घरी सहा वेळा जाते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि दर वेळी फॉर्म भरते. इतर घरी जाताना मी अंगात तो गुलाबी कोट घालते, पिशवी घेते, दार वाजवते. इथं भाजीला फोडणी देता देता भरून टाकला. बाळाचं वजन, तापमान, नाळ, सगळं ठीक. आईला ताप? नाही. आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का? नाही. अर्पिता तर बोलतच नाही.

विचारायचं काय, पोर डोळ्यांसमोर तर आहे.

संध्याकाळी ती खूप रडली. कारण विचारलं तर म्हणाली, माहीत नाही. दूध उतरताना असं होतं, दहा-पंधरा दिवसांत आपोआप जातं, हे मला प्रशिक्षणात सांगितलंय. आत्याबाई लागल्या बाजेजवळ बसून, "लेकरू झालंय, त्येबी पोरगं, अन् रडायलीस कामून?" मी त्यांना गप्प केलं. या बाबतीत मला जास्त कळतं.

८ डिसेंबर, सोमवार

कालची सातव्या दिवसाची भेट आज भरली. सगळं ठीक.

काल मी आत्याबाईंवर ओरडले. बाजेखालची शेगडी त्यांनी जास्त भरली होती, खोलीत धूर झाला, एवढंच. पण मी हातातलं ताट आपटलं. त्यांनी मुकाट्यानं डाळ पुसून काढली. मग मी न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. का ते कळलं नाही. वाफांमुळे असेल. झोप दोन तास.

नंतर आत्याबाई हळूच म्हणाल्या, "राजे, तुला बी असंच झालतं. हिच्या वक्ताला."

मी म्हटलं, "मला काय झालतं? काई झालं नव्हतं."

"बरं बाई," म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या.

मला खरंच काही आठवत नाही. अर्पिताच्या वेळचा पहिला महिना विचारला तर मला फक्त लिंबाचा वास आठवतो. कुठंतरी नेलं होतं, बाहेरचं आहे म्हणून. कुणीतरी केस धरले होते. त्या काळी लोक अडाणी होते. म्हणून तर मी आशा झाले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बारसं झालं. नाव समर्थ. जावयांच्या बहिणीनं कानात कुर्र केलं. अर्पितानं हिरवी साडी नेसली होती, प्रत्येक फोटोत हसली. शेजारणी म्हणाल्या, कसली नशिबाची पोर, पहिलाच मुलगा, नवरा निर्व्यसनी, आई घरची डॉक्टरीण.

पाहुणे गेल्यावर जावई तिच्याजवळ बसले होते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामी, ही माझ्याशी बोलंना झालीय. माझं काई चुकलं का?" मी म्हटलं, "रामप्रसादराव, बाळंतिणीचं मन हळवं असतंय. सव्वा महिन्यानी न्या, तवा बघा कशी चिवचिव करती." ते नीट हसले नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार

चौदावा दिवस. फॉर्म भरला. अर्पिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली असेल म्हणून उठवलं नाही. वजन वाढलंय, तीन किलो शंभर. दूध पाजते, पण बाळाकडे बघत नाही, घड्याळाकडे बघते. दर दोन तासांनी पाजा असं मीच सांगितलंय, वेळेची पक्की आहे.

दहा-पंधरा दिवस म्हणाले होते प्रशिक्षणात. पंधरा उद्या होतील.

मग वावरात गेले. बबिताचा आज फॉर्म नव्हता, पण जवळून चालले म्हणून पालावर डोकावले. ती बाळाला मांडीवर घेऊन मेंढ्यांना शिव्या घालत होती. तरी तिला विचारलं, रडू येतं का? म्हणाली, "येतंय की. ह्यो बिरदेव बाजाराला गेला का चार दिस येतच न्हाई." बिरदेव म्हणजे तिचा नवरा. आम्ही दोघी हसलो.

कासाबाईनं विचारलं, "तुमची लेक कशी हाय?" मी म्हटलं, मजेत.

१७ डिसेंबर, बुधवार

देव पावला! अर्पिता बदलली. पहाटे उठून न्हाली, स्वतः वेणी घातली. दिवसभर आवराआवर करत होती. बाळाची दुपटी, टोपडी वयाप्रमाणे घड्या करून ठेवली, हे तीन महिन्यांचं, हे सहा महिन्यांचं. लसीचं कार्ड दाराच्या मागे लावलं आणि खाली मोठ्या अक्षरात तारखा लिहिल्या, पार पुढच्या वर्षाच्या गोवरापर्यंत. मी म्हटलं, अगं, लसीच्या तारखा तू मला सांगणार का? म्हणाली, "पप्पांना अन् आजीला बी कळायला पायजे."

जावयांकडून पावडरचं दूध मागवून घेतलं. मला ते पसंत नाही, आईचं दूध असताना कशाला. पण ती म्हणाली, अडीअडचणीला असू दे, आणि आत्याबाईंना पाणी किती, चमचे किती, चार वेळा करून दाखवायला लावलं. कानातले आणि शालू एका गाठोड्यात बांधून कपाटात वर ठेवले. म्हणाली, समर्थच्या बायकोला. मी पोट धरून हसले. बाळ सतरा दिवसांचं नाही आणि ही सून आणायला निघाली!

माझी औषधांची पिशवीसुद्धा तिनंच आवरून दिली. "आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या किती राहिल्यात?" असंही विचारलं. किती दिवसांनी कुणीतरी माझी विचारपूस केली. डोळ्यांत पाणी आलं.

पंधरा दिवसांचं म्हणाले होते, सतरा लागले. झोप आज पाच तास.

१९ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी

आज येळवस, वेळा अमावास्या. आंबील, भज्जी, उंडे, सगळं बांधून झालंय. घरादारानं वावरात जायचं, पांडव म्हणून पाच दगड पुजायचे, तिथंच जेवायचं. मी म्हणत होते की अर्पितासाठी थांबते. ती म्हणाली, "वरसाचा सण हाय, आजीला बी न्या. मी निवांत झोपती." आणि काय केलं, बाळाला तेल लावून, टोपडं घालून, माझ्या हातात दिलं. "ह्याला बी घेऊन जा. कवळं ऊन लागू दे."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. सव्वा महिना झाला नाही, लेकराला शिवेबाहेर कुणी नेतं का? मी त्यांना चांगलं सुनावलं. असल्या गोष्टींना मी गावात कुणाकडे थारा देत नाही, माझ्याच घरी देऊ का? ऊन बाळाला चांगलं असतं. अर्पिता माझ्या बाजूनं बोलली याचा अभिमान वाटला.

हे गाडीचा हॉर्न वाजवायलेत. बाकीचं आल्यावर लिहीन.

२३ डिसेंबर, मंगळवार, परभणी

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. चार दिवस वहीला हात लावला नाही. ही वही घाईत पिशवीत आली कशी ते माहीत नाही. सगळं जसं झालं तसं लिहून काढते, नाहीतर मी उद्या म्हणेन की काही झालंच नव्हतं.

वावरात पूजा झाली. ज्वारी गुडघ्याला लागलीय, हरभरा फुलात आहे. बाळ घोंगडीत झोपलं होतं. पालावरून कासाबाई आली, तिला आंबिलीचा गडू दिला. तिनं बाळाचं टोपडं सरकवून बघितलं आणि विचारलं, "माय कुठंय ह्येची?"

"घरी. बाळंतीण कशी येईल?"

"मंग लेकराला कुनी धाडलं?"

"तिनंच. सोता तयार करून माझ्या हातात दिलं." हे मी कौतुकानंच सांगितलं.

कासाबाईनं गडू खाली ठेवला. म्हणाली, "आशाताई, मेंढी कोकराला चाटंना झाली तर मी भेत न्हाई. कोकराला मीठ चोळलं का चाटती. पर एखादी चाटून पुसून, पाजून, कोकराला कळपात लोटती अन् आपुन लांब बांधाला जाऊन मान खाली घालून हुबी ऱ्हाती. तिला मी एकटी सोडत न्हाई. तिनं जगायचं सोडल्यालं असतंय." मग आवाज चढवून म्हणाली, "बसलीस काय? ऊठ, आदी घरी जाय!"

मला राग आला. माझ्या लेकीला मेंढी म्हणते, आणि तेही शिकलेल्या बाईसमोर. तिला सुनावायला मी उठले. तेवढ्यात दुपट्यांच्या घड्या आठवल्या. पुढच्या वर्षाच्या तारखा, पावडरचं दूध, शालूचं गाठोडं. माझ्या गोळ्या किती राहिल्यात. हे सगळं मी स्वतःच्या हातानं या वहीत लिहिलं होतं आणि खाली देव पावला म्हटलं होतं.

बाळ आत्याबाईंच्या ओटीत टाकलं आणि यांना म्हटलं गाडी काढा. यांनी काही विचारलं नाही, माझं तोंड बघूनच समजले असतील. अडीच किलोमीटर आहे. मला गाडीवर देवाचं एकही नाव आठवलं नाही.

दाराला आतून कडी होती. मी हाक मारली. आत काहीतरी हललं. हे दाराला खांदा लावणार, तेवढ्यात तिनंच उघडलं. बारशाची हिरवी साडी, केस विंचरलेले, कुंकू. मागे बाजेवर माझी पिशवी उपडी केलेली आणि गोळ्यांची पाकिटं ओळीनं मांडलेली. शेजारी पाण्याचा तांब्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. मी दोनदा बघितलं.

"येवढ्या लवकर कामून आलीस?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाहुण्याला विचारावं तसं विचारलं.

मी तिला मारलं नाही आणि ओरडलेही नाही. मला ते दोन्ही करावंसं वाटत होतं. जमिनीवर बसले, तिला खाली ओढून घेतलं आणि धरून ठेवलं. ती म्हणाली, "आई, मला त्याचं काईच वाटत न्हाई. सगळ्याला वाटतंय, मला वाटत न्हाई. मी नसले तर तू त्याला नीट वाढवशील." आणि मग, "तू गावात सगळ्याला इचारतीस. मला वाटायचं, आज इचारशील, उंद्या इचारशील."

हे वाक्य लिहिताना हात थांबला होता. लिहिलं.

अंगणवाडीच्या भिंतीवर मानसिक आरोग्याच्या फोन नंबरचा कागद मीच चिकटवलाय, एक चार चार एक सहा. चिकटवताना चारही कोपरे नीट बसलेत का एवढंच पाहिलं होतं. यांना तो नंबर बघायला पळवलं. फोनवरची बाई शांतपणे बोलली. तिला क्षणभरही एकटं सोडू नका, औषधं तिच्या हाताला लागतील अशी ठेवू नका, आजच दवाखान्यात न्या. आजच, असं तिनं दोनदा म्हटलं. जीप केली, वाटेत वावरातून आत्याबाई आणि बाळाला घेतलं आणि परभणीला आलो. जावई दुकानातून तसेच धावत आले, अंगावर बियाण्याची धूळ. अर्पिताला म्हणाले, "तू काई बोलू नको. मी हाय इथंच." त्या दिवशी ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, पुष्कळ बायकांना होतो आणि बरा होतो. दूध पाजत असताना चालेल अशी गोळी देतो, पण गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर जपा. मग विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? तिच्या आईला वगैरे?

मी म्हटलं, नाही. पटकन म्हटलं.

२८ डिसेंबर, रविवार

काल घरी आणलं. आज अठ्ठाविसावा दिवस. एकविसाव्याचा फॉर्म कोराच आहे, तो मी भरणार नाही. खोटं भरायचं नाही आता.

गावात कळलंय. येणाऱ्या बायका बाळ बघायच्या निमित्तानं येतात आणि अर्पिताला बघतात. मी इतक्या जणींच्या घरात शिरले, आता आमच्या घरात शिरतायत, हे फिट्टंफाट झालं.

संध्याकाळी हे म्हणाले, "गोळ्या चालू ठेवू. पर एकदा बाहेरचं बी बघून घेऊ. मनाची शांती." ते वाईट मनानं म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मी काही बोलायच्या आत आत्याबाई उठल्या. एवढ्या मोठ्या आवाजात त्या आपल्या लेकाशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"महारुद्रा, राजेश्रीला नेलतं तसं हिला न्यायचं न्हाई. तवा मी गप बसले. तिचे केस धरून वढत व्हते अन् मी भाईर उदबत्त्या इकत घेत व्हते. आता न्हाई."

मी म्हटलं, "आत्याबाई, मला नव्हतं काई झालं."

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "राजे, तू अर्पिताला न्हाऊ-माखू घालून माझ्या पदरात टाकलीस अन् पांदीनं निघालीस. अंगावर नवी साडी. मी म्हन्ले जायली असंल माहेरला. कासाबाईच्या सासूनं मेंढरं चारताना बघितलं अन् हाताला धरून माघारी आनली. चार म्हैने मी तुला डोळ्याआड होऊ दिली न्हाई. तुला वाटायचं सासू पाळत ठिवायलीय."

खरंच वाटायचं. चोवीस वर्षं वाटत होतं. मी माझ्या आईला तशी तक्रारही केली होती.

मला पांद आठवली. दोन्ही बाजूंना निवडुंग आणि पायात चप्पल नव्हती. बाकी काही आठवलं नाही. आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं तर त्या माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या अंगाला शेगडीचा वास येतो, ज्या धुरावरून मी ताट आपटलं होतं तोच.

५ जानेवारी २०२६, सोमवार

सतरा दिवस झाले गोळीला. प्रत्येक दिवस सारखा नसतो. परवा अर्पिता दिवसभर उठली नाही, आणि मला वाटलं सगळं मुळापासून पुन्हा सुरू झालं. आज तिनं बाळाची नखं काढली. काढताना त्यानं तिचं बोट धरलं, तर तिनं ते सोडवून घेतलं नाही. एवढंच. मी दारातून बघत होते, आत गेले नाही.

आत्याबाई, मी आणि हे, तिघांनी वेळा वाटून घेतल्यात, कुणीतरी तिच्याजवळ असतंच. जावई एक दिवसाआड संध्याकाळच्या बसनं येतात आणि सकाळच्या बसनं दुकानाला जातात. औषधं कासाबाईकडे पालावर ठेवलीत. ती रोज एक-एक आणून देते आणि अर्पितानं गिळल्याशिवाय हलत नाही. सोबत मेंढीच्या दुधाचा खरवस किंवा काहीतरी असतं. "कळप सोडायचा न्हाई," एवढं म्हणते आणि जाते.

डॉक्टर मॅडमना वही दाखवायचा दिवस जवळ आला. चाळून बघितली. वाफांच्या नोंदी मोजून पाच-सहा आहेत. बाकी सगळं भलतंच. ही कशी दाखवायची?

आज दोनदा उगीच रडले. एकदा तर दूध उतू गेलं म्हणून. झोप तीन तास.

११ जानेवारी, रविवार

बेचाळिसावा दिवस, शेवटची भेट.

सकाळी मी गुलाबी कोट घातला, पिशवी घेतली आणि घराबाहेर गेले. आत्याबाई अंगणात तीळ निवडत होत्या, संक्रांत तीन दिवसांवर आलीय. विचारू लागल्या, कुठं चाललीस? मी त्यांना हातानं गप्प राहा म्हटलं, दार ओढून घेतलं आणि वाजवलं.

आतून अर्पिताचा आवाज आला, "कोन हाय?"

"आशाताई. भेटीला आलेय."

 मग दार उघडलं. समर्थ तिच्या कडेवर होता. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "या. बसा." पाण्याचा तांब्याही दिला.

मी बाळाला तोललं. चार किलो तीनशे. मग फॉर्म मांडीवर ठेवला आणि तिला विचारलं. प्रशिक्षणात शिकवलेलं आणि न शिकवलेलं, सगळं. जेवण जातं का. बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का. रडू येतं का. त्याच्याकडे बघून काय वाटतं. आपण नसलो तर बरं, असं वाटतं का. शेवटचंही पूर्ण विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. घाई केली नाही.

ती म्हणाली, "रडू कमी हाय. झोप लागायलीय. ह्याच्याकडं बघून," तिनं त्याचं टोपडं सारखं केलं, "कधी कधी वाटतंय. सकाळी हसला तवा वाटलं. समदा दिस न्हाई वाटत." आणि खाली बघून, "शेवटचं मागच्या आयतवारी वाटलं व्हतं, थोडा येळ. मी आजीला हाक मारली. तवापासून न्हाई."

मी तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही म्हणून कडेला उभं लिहिलं. सुपरवायझर मॅडम बोलतील तर बोलू देत.

मी उठायला लागले तर अर्पिता म्हणाली, "आता तुमी बसा."

तिनं समर्थला माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या हातातून पेन घेतलं. फॉर्मही घेतला.

"जेवन जातंय का?"

"जातं."

"झोप?"

"तीन तास. वाफा येतात गं, अंगातून नुसत्या..."

"वाफा न्हाई इचारल्या. रडू येतंय का?"

ती माझ्याकडे बघत होती, वाट बघत होती. मीच तिला आत्ता दाखवलं होतं की कसं थांबायचं असतं. मला काही झालेलं नाही हे वाक्य जिभेवर आलं होतं. बाळानं माझा कोट मुठीत धरला होता.

"येतंय," मी म्हटलं. "रोज येतंय. तुझ्या वेळी बी यायचं."

अर्पितानं पेन खाली ठेवलं नाही. तिनं फॉर्म आडवा केला, कडेला जिथं थोडी जागा उरली होती तिथं माझं नाव लिहिलं, आणि विचारलं, "किती वरसं झाली, आई?"